रेडकरांच्या टीव्हीचा पहारा

वीज आभाळातली असो नाहीतर तारेतली, यापुढे माझ्या परवानगीशिवाय ती या घरात पाऊल टाकणार नाही, असं गुरुप्रसाद रेडकरांनी शिरोड्यातल्या आपल्या घराच्या ओटीवर बसून जाहीर केलं, तेव्हा ऐकायला दोनच माणसं होती. बायको सावित्री तांदूळ निवडत होती आणि शेजारचा बाबली चहा पीत होता. दोघांनीही मान डोलावली. कुणाची मान कितपत मनापासून हलली याचा रेडकरांनी तिथल्या तिथे अंदाज घेतला आणि दोघांनाही नापास केलं.

हा स्वभाव नोकरीतून आलेला. मुंबईत एका विमा कंपनीत रेडकरांनी उभा जन्म लोकांचे दावे तपासण्यात घालवला. जळलेली गोदामं, बुडालेले ट्रॉलर, मेलेल्या म्हशी. या सगळ्यांच्या मागे कुणीतरी खोटं बोलतंय या श्रद्धेने ते रोज कामावर जायचे, आणि बरेचदा ती श्रद्धा फळाला यायची. निवृत्त होऊन गावी आले तरी ती काही सुटली नाही. परसात नारळ पडला तरी तो आपणहून पडला की कुणी पाडला, हे ते आधी वर बघून ठरवत आणि मगच उचलत.

तर यंदा पुण्याहून मुलाने, विनीतने, होम थिएटर पाठवलं. भिंतभर टीव्ही, एक अँप्लिफायर, पाच स्पीकर आणि नुसता धडधडणारा एक ठोकळा. पाठोपाठ त्याचा फोन आला, की आधी विजेपासून काहीतरी संरक्षण बसवा आणि मगच हे जोडा. त्याचं म्हणणं रास्त होतं. रेडकरांच्या घरातला पंखा दुपारी जेवून सुस्तावलेल्या म्हाताऱ्यासारखा फिरायचा आणि मधेच असा काही सुटायचा की सावित्रीच्या केसांतली अबोली उडून माजघरात जावी.

रेडकर सावंतवाडीला गेले. पहिला दुकानदार म्हणाला, स्टॅबिलायझर घ्या, वीज कमीजास्त झाली की तो सांभाळतो. दुसरा म्हणाला, वीज कडाडली की स्टॅबिलायझर नुसता बघत बसेल, खरा उपयोग स्पाइक गार्डचा. तिसऱ्याच्या मते आवाजात खरखर नको असेल तर पॉवर कंडिशनरला पर्याय नव्हता, आणि चौथा यूपीएसशिवाय दुसरं काही बोलेना. चौघेही एकच बोलले असते तर रेडकरांनी संगनमत आहे म्हटलं असतं. ते वेगवेगळं बोलले, तेव्हा तर खात्रीच पटली. आधी ठरवल्याशिवाय चार माणसं इतकी वेगळी बोलूच शकत नाहीत.

शेवटी त्यांनी त्यातल्या त्यात कमी बोलणाऱ्याकडून स्पाइक गार्ड घेतला. बटण दाबल्यावर त्यावर हिरवा दिवा लागला. दिवा हिरवा म्हणजे तुमची वस्तू सुरक्षित, असं खोक्यावर छापलेलं होतं. पण दिवा लागायला काय, नुसता दिवा पुरतो. त्याच्या मागे काही आहे कशावरून? रेडकरांनी पेचकस घेऊन स्पाइक गार्ड उघडला. आत खोकल्याच्या गोळ्यांसारख्या दोन-तीन निळ्या चकत्या निघाल्या. एवढ्याशा गोळ्या आभाळातल्या विजेला गिळणार? ते तसेच दुकानात गेले. दुकानदाराने चकत्यांकडे पाहिलं, उघडलेल्या पेचांकडे पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की आता गॅरंटी संपली. माल कमअस्सल आहे म्हणूनच तो उघडायला बंदी असते, हे रेडकरांनी बसमध्ये शेजारच्या माणसाला वेंगुर्ल्याच्या फाट्यापर्यंत समजावून सांगितलं.

बाबलीचा सल्ला साधा होता. "गुरू, आभाळ काळा झाला काय वायर काढून ठेव. आमी तर तसाच करतो." आता, फुकटचा सल्ला कुणी उगाच देतं का? रेडकर विचार करत राहिले. बाबलीचं घर कुंपणाला लागून. धडधड त्याच्या घरापर्यंत जाणार. तेव्हा टीव्ही जास्तीत जास्त वेळ बंद राहावा हाच त्याचा डाव, असा निष्कर्ष निघाला. दोघे एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलेले, पण चौकशीत नातं बघायचं नसतं.

मग रेडकरांनी स्वतःचा तोडगा काढला. कुणावरच विश्वास नाही ना, मग सगळेच ठेवायचे. एकावर दुसऱ्याची पाळत. वायरमन धोंडूला बोलावून त्यांनी मीटरपाशी, तारेतून येणारी वीज जमिनीत उतरवणारा अरेस्टर बसवून घेतला. मागच्या अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणला, तेव्हा रेडकर खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले. धोंडूने कोळसा आणि मीठ टाकायला घेतलं, तर मीठ म्हणून हा नेमकं काय टाकतोय ते कळावं म्हणून त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं. आत खोलीत स्टॅबिलायझर आला, त्याच्यापुढे कंडिशनर, त्याच्यापुढे यूपीएस आणि सगळ्यांत शेवटी नवा, न उघडलेला स्पाइक गार्ड. एकाला एक जोडलेली एवढी यंत्रं एकमेकांशीच भांडत बसतील असं धोंडूने सुचवून पाहिलं. भांडू देत, रेडकर म्हणाले, भांडण असलं की चोरी लपत नाही.

झालं काय, की टीव्ही लावणं हा एक विधी होऊन बसला. आधी स्टॅबिलायझर विचारात पडायचा. बऱ्याच वेळाने खट्ट करून त्याने वीज सोडली की कंडिशनर ती पारखून घ्यायचा. यूपीएस दोनदा शिट्टी मारायचा. मग सगळे हिरवे दिवे लागायचे आणि तोवर सावित्रीची मालिका संपलेली असायची.

नवरात्र सरलं आणि एके दिवशी बाबलीची बायको किशोरी सावित्रीकडे आली. तिची मुलगी तेजस्वी कबड्डीत महाराष्ट्राच्या संघात निवडली गेली होती आणि सामना दुपारी टीव्हीवर दिसणार होता. बाबलीच्या टीव्हीवर ते चॅनल येत नव्हतं. तुमच्याकडे येऊ का, एवढंच तिला विचारायचं होतं. रेडकरांना वाटलं, यामागे बाबली आहे, त्याला यंत्रं बघायची आहेत. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"पोरगी टीव्हीर दिसतली, तिका बघूक येतत," सावित्री म्हणाली. "तुमची यंत्रां बघून त्येंका काय करूचा आसा?"

ती एवढं तोडून क्वचितच बोलायची. रेडकरांनी परवानगी दिली.

त्या दुपारी अर्धी वाडी खुर्च्या घेऊन आली. धोंडूसुद्धा आला. किशोरीने नवी साडी नेसली होती, जणू तेजस्वीला पडद्यातून ती दिसणार होती. सामना सुरू व्हायच्या कितीतरी आधी रेडकरांनी विधी आरंभला, तरी स्टॅबिलायझर त्या दिवशी विशेष विचारात होता. इकडे दक्षिणेकडून आभाळ इतकं भरून आलं की भरदुपारी दिवे लावावे लागले. परतीचा पाऊस जाता जाता नेहमीच हिशेब चुकते करून जातो. पहिला गडगडाट ऐकून बाबलीने हळूच सांगितलं, "गुरू, वायर काढ रे. सामनो काय, मागसून कळात."

रेडकर हसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की संरक्षण म्हणजे काय ते आज वाडीला दिसेल.

आणि चित्र आलं. काय चित्र होतं! पाचही बाजूंनी प्रेक्षकांचा गजर उठला, ठोकळा धडधडला, एका म्हातारीने पदर सावरला. निळ्या कपड्यांतल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. "ती तिसरी, ती आमची," किशोरी अर्धवट उठून म्हणाली. त्याच क्षणी खिडकीबाहेर पांढराशुभ्र उजेड पडला, मागल्या माडावर कडाड असा आवाज झाला आणि घर काळोखात बुडालं.

काळोखात यूपीएस पी पी करत होता. जळका वास सुटला होता. रेडकर गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात एकेका यंत्राची तपासणी करू लागले. यूपीएस जिवंत. स्पाइक गार्डचा दिवा हिरवा. मीटरपाशी जाऊन आले, अरेस्टरही शाबूत. सगळे पहारेकरी ठणठणीत आणि मालक मेलेला. टीव्ही आणि अँप्लिफायर काही केल्या उठेनात.

मग त्यांचा तोल गेला. खड्ड्यात मीठ नक्की किती घातलं होतंस, असं त्यांनी धोंडूला विचारलं. आणि तेवढ्यावर न थांबता ते बाबलीकडे वळले. "तुझ्या मनासारखा झाला मां? टीव्ही बंद पडाक होयो होतो तुका. पयल्यापासून."

बाबलीने आपली खुर्ची घडी केली. किशोरी त्याच्यामागून उठली. इतक्या वर्षांत बाबली या घरातून चहा न घेता कधी निघाला नव्हता.

"हयसर बघा," सावित्री खिडकीजवळून म्हणाली. तिने कंदील वर धरला होता. छपरावरच्या डिशची वायर खिडकीतून आत येत होती, आणि ती जिथून जिथून भिंतीवरून उतरली होती तिथे काजळाच्या बोटासारखा काळा पट्टा उमटला होता. पट्टा थेट टीव्हीच्या मागे जाऊन थांबला होता. वीज पुढल्या दाराने आलीच नव्हती. धोंडूने डोकं खाजवलं आणि ही वायर आपल्याही ध्यानात आली नाही असं कबूल केलं. रेडकर पट्ट्याकडे बघत राहिले. घरात तेवढी एकच वायर होती जिच्यावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता.

बाबली उंबऱ्यापाशी पोचला होता, तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. सामना संपायला बराच वेळ असताना तेजस्वीचा फोन कसा, म्हणून किशोरी घाबरली. पण मध्यंतर झालं होतं.

"पपा, बघतास मां?"

बाबलीने काळोख्या खोलीकडे पाहिलं. "बघतो गो," तो अडखळत म्हणाला. त्याने फोन रेडकरांच्या हातात कोंबला. "गुरुकाका सांगतले तुका."

रेडकरांनी घसा साफ केला. "अगे, काय खेळतंस तू! ती तुझी चढाई तर काय सांगू, सगळी वाडी उभी रवली."

"काका, माका खेळवल्यानीच नाय अजून. मी बाकार बसान आसंय."

रेडकर एकदम खाली बसले. आयुष्यात समोरच्याची जबानी त्यांनी पुष्कळ फोडली होती. स्वतःची फुटताना पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी सगळं खरं ते सांगितलं. टीव्ही जळला, कुणाला काही दिसलं नाही, आणि तुझा बापूस वायर काढ सांगत होता तेव्हा मी ऐकलं नाही.

"खरांच जळलो?" तेजस्वीला हसू फुटलं, ते फोनबाहेर सगळ्यांना ऐकू आलं. "बरां झाला काका. आख्खी वाडी बसली आसतली आणि मी बाकार, ह्याच डोक्यात होता माझ्या."

रेडकरांनी फोन परत दिला. बाबलीच्या हातातली खुर्ची घेऊन त्यांनी स्वतः उघडली, कोपऱ्यात मांडली आणि सावित्रीला चहा टाकायला सांगितलं. माफी अशी त्यांनी मागितली नाही. बाबली बसला मात्र.

सामना महाराष्ट्राने जिंकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दाखवणार होते आणि बाजारातल्या हॉटेलात ते चॅनल येत होतं. बाबली सकाळपासून तयार. पण रेडकरांना रात्रभर एका शंकेने पोखरलं होतं. पोरगी खरंच बाकावर होती, की बापाच्या आवाजावरून काय ते ओळखून, काकांना बरं वाटावं म्हणून तसं म्हणाली? गेलं तर तासाभरात उलगडा झाला असता. बाबलीने कुंपणावरून हाक मारली, तेव्हा त्यांनी गुडघा दुखतो असं सांगितलं.

सावित्रीने त्यांच्या गुडघ्याकडे संशयाने पाहिलं.