विहीणबाईंच्या मापाचे मोजे

पानांच्या नक्षीचे मोजे विणावेत तर मीच! हे मी म्हणत नाही, आमचं अख्खं शाखदरा खोरं म्हणतं. खोऱ्याकडून मीच वदवून घेते, ती गोष्ट वेगळी.

त्यामुळे आमच्या लेकीचा, सौसनचा साखरपुडा ठरला तेव्हा मी निर्धास्त होते. मुलीच्या आईने विणलेले मोजे विहीणबाईंनी चारचौघांत पायात चढवायचे, मग सोयरीक पक्की. माप मात्र विचारायचं नाही! विचारलं की संपलंच. "आईच्या नजरेला माप कळत नाही, पोरगी काय दिवे लावणार?" असं म्हणून त्यांच्या गावात एका पोरीला नकार दिलेला मला ठाऊक होता. आणि सौसनचा तर त्या मुलावर जीव जडलेला! मोडलं असतं तर पोरीने हाय खाल्ली असती.

पण मी हुशार! विहीणबाई, म्हणजे दौलतमो, मागणी घालायला आल्या, तेव्हा चहाच्या निमित्ताने मी बाहेर सटकले आणि दारात काढलेल्या त्यांच्या काळ्या रबरी बुटांना, गलोशांना, लोकरीचा धागा लावून माप घेतलं. धागा बराच लांब भरला. म्हटलं, असू दे, आपल्याला काय!

बोटांपासून सुरुवात केली, हिरवी-लाल पानं चढवत पोटरीपर्यंत नेली, शेवटी टाच बसवली. मोजे असे झाले की माझी मलाच दृष्ट लागेल!

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी ते उचलून पाहिले.

"माझ्यासाठी? अगं, कशाला एवढं!"

"तुमच्यासाठी कशाला? विहीणबाईंचे आहेत. त्यांच्या गलोशांवरून माप घेतलंय."

"कुठले गलोश? दारात डावीकडे होते ते?"

"हो."

"ते माझे होते!"

गलोश सगळ्यांचे सारखेच काळे, एकाच बाजारातले!

"मग त्यांचा पाय केवढा असेल हो?"

"परक्या बाईचे पाय मी कशाला बघू? पण बाई एवढीशी तर आहे. पाय काय, चिमणीचे असणार!"

उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. मग सुचलं, लोकर गरम पाण्यात आकसते! जरासे आकसवू, बोटभर. कढईत पाणी उकळलं, मोजे टाकले आणि ह्यांना म्हटलं, "जरा ढवळा, मी गाय बांधून येते." गाय शेजाऱ्याच्या शेतात शिरलेली! ती बाहेर काढून, शेजारणीच्या शिव्या खाऊन परत आले, तर हे अजून ढवळतायत, अगदी खीर ढवळावी तसे!

पानं छान राहिली होती. पण बोटभर आकसवायचे मोजे बोटभरच उरले होते!

"ओढून बघू या," हे म्हणाले. एकीकडून हे, दुसरीकडून मी! पण लोकर दगड झाली होती. मी रडले हो, खरंच रडले. शेवटी मोजे रजयांच्या थप्पीमागे दडवले आणि ठरवलं, विहीणबाईंना शाल द्यायची आणि मोजे उंदरांनी खाल्ले म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. माझी नणंद शकरमो बसायला रजया काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "वहिनी, अगं मोजे विसरलीस की!" मी डोळे वटारेपर्यंत मोजे ताटात घालून दौलतमोंच्या पुढ्यात!

दौलतमोंनी एक मोजा दोन बोटांत धरला. तान्ह्या बाळाच्या मापाचा! त्यांनी आधी मोज्याकडे पाहिलं, मग सौसनच्या पोटाकडे.

"तरीच साखरपुड्याची एवढी घाई!" त्यांची बहीण फिस्कारली.

"आई!" सौसन किंचाळली. नवरामुलगा लालबुंद. व्याही तर उठून टोपी शोधायला लागले!

"थांबा!" माझा आवाज चिरकला. "बाळाचे नाहीत हो ते, तुमचेच आहेत!" आणि मी गलोश, कढई, गाय, सगळं ओकून टाकलं. "ते गलोश ह्यांचे निघाले, म्हणून तर मी मोजे उकळले!"

दौलतमोंनी झग्याखालून पाय पुढे काढला. पाय कसला, फावडंच!

"डावीकडचे गलोश माझेच होते," त्या म्हणाल्या. "परत जाताना बघते तर शेणाने माखलेले! कोण घालून गोठ्यात गेलं, ते आज कळलं."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताच्या झरोक्यातून आभाळ न्याहाळत होते.

दौलतमोंनी मोजा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. सौसनने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

"मुलगी आमची झाली," त्या अखेर म्हणाल्या. "पण एक अट आहे. आमच्याकडे कपडे ती धुणार नाही. आईकडून काय शिकलीय, खुदा जाणे!"

सगळे खो खो हसले. मीही हसले, करते काय!

सौसन सासरी सुखात आहे. कपडे सासू धुते. आणि माहेरपणाला आली, की कार्टी स्वतःचे लोकरीचे कपडे ट्रंकेत घालून वर कुलूप लावते!