झाकणभर, जेवणाआधी

आमच्या शेजारचे त्र्यंबकभाऊजी पंगतीला बसताना स्वतःची बाटली घेऊन बसतात. तुम्हाला वाटतं तसली नाही. जठरानंद टॉनिकची. पानात मीठ पडायच्या आधी ती बाटली पानाच्या डाव्या अंगाला उभी राहते. तिच्यावर एका मिशीवाल्या पैलवानाचं चित्र आहे. त्याने दोन्ही हात स्वतःच्या पोटावर ठेवलेत आणि तो इतका समाधानी दिसतो, की त्याच्यासमोर जेवायला संकोच वाटावा. खाली छापलंय, ‘झाकणभर, जेवणाआधी’. भाऊजी झाकण भरतात, डोळे मिटतात, पितात. मग बाकीच्यांनी सुरू करायला हरकत नसते.

राजूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी झाली. त्यामुळे पोटाबद्दलसुद्धा ते खिडकीतूनच बोलल्यासारखे बोलतात. सकाळी कुंपणावरून मी विचारावं, “कसं काय भाऊजी, ढेकर आला का?”

“फलाटाला लागलाय, वहिनी. सुटंना.”

“आणि कालचा?”

“कालचा रद्द.”

चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाची गर्दी उसळली, की खिडकीत दिवसभर चहावर चहा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या उशिरा. हे अपचन त्यांना मी या गल्लीत नांदायला आले त्याच्याही आधीपासून होतं. त्यांची बायको सुमन मी जेमतेम दोन वर्षं पाहिली. बारीक चणीची, खळखळून हसणारी. जठरानंदची पहिली बाटली तिनेच चतुर्थीच्या बाजारातून आणली होती. पुढे ती तापात गेली. मूलबाळ नव्हतं. भाऊजी, पोट आणि पैलवान असे तिघे त्या घरात राहिले.

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगते. मी तिशीची होते आणि आपल्या हाताला चव आहे, असं मला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. बहुतेक मीच. माझी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी केदारखेड्यापर्यंत माहीत आहे, असं मी म्हणायची. ते खरंही होतं, कारण आमचे हे तिथलेच आणि ह्यांची आत्या अजून तिथे राहायची. अशा बाईने शेजारच्या एकट्या माणसाला वाटीभर भाजी पाठवावी, आणि वाटी परत यावी तर तिच्यात झाकणभर जठरानंद.

आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत. चार शेंगदाणे तरी घालतात, गुळाचा खडा घालतात. भाऊजींच्या घरात देण्यासारखं तेवढंच असायचं. पण हे समजायला अक्कल लागते आणि माझी सगळी तेव्हा येसरात खर्च होत होती. मी समजले, हा माणूस माझ्या भाजीवर उतारा पाठवतो. मी ते टॉनिक जास्वंदीच्या मुळाशी ओतायची. जास्वंद जोरात वाढली. मला त्याचाही राग आला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. दर महिन्याला नवी बाटली यायची, पण झाकण जुनंच. नवं झाकण ते टाकून द्यायचे. जुनं पत्र्याचं, पोचे आलेलं, काठावर दातांच्या खुणा. ते कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

“नव्या झाकणात औषध मावत नाही का?” मी विचारलं.

“माप बराबर पायजे, वहिनी.”

घरात येऊन मी ह्यांना म्हटलं, “तुमचे मित्र झाकणंसुद्धा चावून खातात. पोट बिघडंल न्हाई तर काय होईल?” आणि स्वतःच हसले. हे हसले नाहीत. मी तेही ह्यांच्या अरसिकपणावर घातलं.

मग आमच्या थोरल्याच्या जावळाची पंगत आली. केदारखेड्याची सगळी मंडळी ओसरीत बसली. पुरणपोळी, कुरडया, भजी आणि पातेलंभर येसराची आमटी. गेल्या पंगतीत भाऊजींनी सगळ्यांसमोर माझ्या आमटीचा वास घेऊन “आज दोन झाकणं” अशी घोषणा केली होती. ती मी विसरले नव्हते. ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी बाटली उचलली, पदराखाली घेतली आणि आतल्या खोलीतल्या ज्वारीच्या कोठीत खोल खुपसली. औषधाशिवाय माझं जेवण पचतं, हे जगाला दिसायला हवं होतं. जग म्हणजे ह्यांची आत्या.

भाऊजी पानावर बसले. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

“तुम्ही चालू द्या,” ते म्हणाले. “आपली गाडी लेट आहे.”

लोक जेवले. पोळ्या झाल्या, भात झाला, ताक झालं. भाऊजींचं पान जसंच्या तसं. आणि आपल्यात एकाचं पान भरलेलं असताना पंगतीतून उठत नाहीत. बावीस माणसं उष्टे हात घेऊन बसून राहिली. बोटांवरची आमटी वाळायला लागली. आत्या म्हणाल्या, “त्र्यंबकराव, दोन घास तरी घ्या. माझी कंबर धरून राह्यलीय.”

“न्हाई जमायचं, आत्या.”

“पोट दुखतं का?”

“पोट बिलकुल बराबर आहे,” भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र मी पाहिला. गर्दीत ज्याचं कुणीतरी हरवलंय अशी माणसं चौकशीच्या खिडकीपुढे येतात ना, तसा तो दिसत होता.

मला कबूल करावं लागलं. कोठीत कोपरापर्यंत हात घालून मी बाटली काढली. ती तिथे आडवी झाली होती. निम्मं औषध ज्वारीत गेलं होतं आणि झाकण नव्हतं.

“वाटीनं घ्या आता,” मी म्हटलं. बावीस माणसांसमोर चोरी उघडी पडली तरी माझा आवाज अजून वरच होता.

“बाटली राहू द्या, वहिनी,” ते हळू म्हणाले. “झाकण तेवढं द्या.”

“पत्र्याचं झाकण ते. मी तुम्हाला दहा देते.”

“तिचे दात हायेत त्याच्यावर.”

मला कळेना.

“सुमनचे. पहिली बाटली गच्च बसल्ती. माझ्यानं उघडंना. तिनं दातानं उघडली. मंग रोज तीच भरून द्यायची. म्हणायची, आता प्या अन् जेवा.”

आत्या उठल्या. भाऊजींचं पान भरलेलं असताना पंगतीतून पहिल्यांदा त्याच उठल्या, कंबर धरून. “सूप आण,” मला म्हणाल्या. आम्ही कोठी ओसरीत उपडी केली. चार बाया पाखडायला बसलो. बावीस उष्टे हात धुतले गेले आणि ज्वारीत शिरले. झाकण तळाशी निघालं. मी ते धुऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उरलेल्यातलं झाकणभर घेतलं, गार झालेल्या चार पोळ्या खाल्ल्या, येसराची आमटी दोनदा मागितली आणि मग सगळ्या ओसरीला ऐकू गेला असा ढेकर दिला.

“सुटली,” ते म्हणाले.

ती ज्वारी टाकून देणं परवडणारं नव्हतं. वर्षभर आमच्या भाकरीला जठरानंदचा वास यायचा. त्या वर्षी आमच्या घरात कुणालाही अपचन झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं एक ताट मी त्यांच्याकडे पाठवू लागले. तोवर ते रात्री चहाबिस्किटावर झोपायचे, हे मला ताट पाठवायला लागल्यावर कळलं. वर्षाच्या आत त्यांचं जुनं दुखणं गेलं. श्रेय ते जठरानंदला देतात. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. पुढे ते टॉनिक बाजारात यायचं बंद झालं. तेव्हापासून ओवा, सुंठ आणि काडेचिराईत उकळून मी ती बाटली भरते. ती मी ‘जालन्याहून मागवते’. “कंपनीनं माल सुधारला,” असं ते म्हणतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. पोरं आली, दिवस झाले, पोरं नोकऱ्यांवर गेली. मी ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. शेजारी काही पाठवायचं सुचलंच नाही. तिसऱ्या संध्याकाळी भाऊजी काठी टेकत आमच्या पायऱ्या चढले. दुसऱ्या हातात ते झाकण होतं, काठोकाठ भरलेलं. इतक्या वर्षांत ते त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. थेंबही सांडला नव्हता.

“झाकणभर, वहिनी,” ते म्हणाले. “जेवणाआधी.”

मी घेतलं. सुमनच्या दातांच्या खुणा ओठाला लागल्या. औषध मीच केलेलं, पण ते इतकं कडू असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मग ताटावरचं झाकण काढावंच लागलं. दोन पानं घेतली.

जेवण झाल्यावर मी त्यांचं झाकण धुतलं. रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून त्यात चिमूटभर साखर घातली.

“पथ्यात बसत न्हाई,” ते म्हणाले, आणि खाल्ली.