हे माह्या सुपातलं नाही

किन्हीराजाच्या मठातले केशवगीर महाराज लोकांची दुःखं पाठीनं ऐकत. कुणी रडत-भेकत आलं की महाराज भिंतीकडे तोंड करून बसत, सूप पुढ्यात ओढत आणि तुरीच्या डाळीतले खडे निवडायला लागत. सांगणाऱ्याला दिसे ती नुसती भगवी पाठ. नवख्याला वाटे, हा माणूस आपल्याला हाकलतोय. महाराज मान न वळवता म्हणत, "बोल बाप्पा. माह्या तोंडाकडं पाहून बोलशीन तर मले आवडते तेच बोलशीन."

एकदा गावचे पाटील धाकट्या भावाशी झालेलं धुऱ्याचं भांडण घेऊन आले. धुरा म्हणजे शेताचा बांध, हे मला वऱ्हाडात येऊन कळलं. पाटील बराच वेळ तावातावानं बोलले. महाराजांनी एक खडा अंगणात भिरकावला आणि म्हणाले, "पाटील, धुऱ्याचं तुमी कमी बोलले, भावाचंच जास्त बोलून राह्यले. आज सांजच्याले त्याच्या घरी जेवा." पाटील जेवायला गेले. भाजीला नावं ठेवत का होईना, पोटभर जेवले. धुरा होता तिथंच राहिला, भांडण मात्र थंडावलं.

ऐकून झालं की महाराजांचा निकाल ठरलेला असे. "हे माह्या सुपातलं आहे," नाहीतर "हे माह्या सुपातलं नाही." दाढदुखी, विंचू, हिवताप ही दुखणी सुपाबाहेरची. ती घेऊन आलेल्याला ते वाशीमच्या दवाखान्याचा रस्ता दाखवत आणि वर रागे भरत, की इथवर चालत आला तेवढ्यात अर्धा तिकडं पोचला असता. पण मनाचं काहीही असलं तरी ते सुपातलं. त्यात कधी 'नाही' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

माझं दुखणं मनाचंच होतं.

मी सातारा भागातला. वडील गेले तेव्हा मराठी तिसरीतून शाळा सुटली, आणि ओळखीच्या एका मुकादमानं मला इकडे जऊळक्याच्या स्टेशनावर लावून दिलं. तिथं मी सांधेवाला झालो. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधा लावायचा, कुलूप घालायचं, हिरवं निशाण धरून उभं राहायचं, एवढंच काम. मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. घर लांब, ओळखीचं कुणी नाही. हळूहळू माझ्या मनात एक भीती शिरली, की सांधा नीट बसलाच नसेल. मी परत जाऊन बघे. बसलेला असे. चार पावलं आलो की वाटे, बघितला खरा, पण नीट बघितला का? मग पुन्हा जाई. जेवताना घास हातात घेऊन उठे. गाडी सुखरूप गेली तरी सुटका नव्हती. पुढल्या स्टेशनाहून काही वाईट खबर येईल म्हणून मी तारेच्या खोलीबाहेर कान देऊन उभा राही.

स्टेशनमास्तर भला माणूस. त्यांनीच मला मठात धाडलं. मी पाठीला सगळं सांगितलं. महाराज म्हणाले, "पाव्हण्या, हे माह्या सुपातलं आहे." मला ते शेवटपर्यंत पाव्हणाच म्हणत. त्यांनी मंतरलेला काळा दोरा दिला, सांध्याच्या दांड्याला बांधायला, आणि गाडी येण्याआधी म्हणायला एक नाम दिलं. म्हणाले, "दोरा हाये तवर सांध्याले काही होत नाही."

आठ दिवस बरे गेले. नंतर वाटायला लागलं, दोरा सुटला असेल. आता मला सांधाही बघावा लागे आणि दोराही. नाम म्हणताना एखादं अक्षर अडखळलं की पहिल्यापासून म्हणावं लागे. मी पुन्हा मठात गेलो. महाराजांनी दोऱ्याला आणखी एक गाठ मारली. मी गाठही बघायला लागलो. एके सकाळी गाडी बाहेरच्या सिग्नलला शिट्ट्या मारत उभी, आणि मी नाम तिसऱ्यांदा सुरू केलेलं. मास्तरांनी हातातलं निशाण काढून घेतलं. अजून एकदा असं झालं तर वर कळवावं लागेल, म्हणाले. नोकरी गेली तर गावी आई काय खाईल, ही एक नवीनच भीती तयार झाली.

महाराजांच्या कानावर हे गेलं आणि ते चालत जऊळक्याला आले. रुळाशेजारी बाभळीखाली बसले. त्या दिवशी मात्र ते माझ्याकडे तोंड करून बसले होते. माझं जाणं-येणं दुपारपर्यंत बघितलं, मग उठले आणि स्वतःच्या हातानं दोरा कापून टाकला.

"माह्यापाई तुह्यं दुखनं वाढलं, पाव्हण्या. हे माह्या सुपातलं नाही. नागपूरले याचा डाक्तर हाये."

नागपूर म्हणजे पागलखाना, हे स्टेशनावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तिथं गेलेला परत येत नाही म्हणत. पाटील धावत आले. त्यांचं म्हणणं, पोराला मठात ठेवा, खांबाशी बांधा, मिरच्यांची धुरी द्या, निघून जाईल काय असेल ते. आणि खरं बोलणं मागाहून आलं. "महाराज, तुमीच असं म्हनलं तर उद्या मठात कोन येईन?"

"नाही आलं तर डाळ खड्यासगट शिजवू," महाराज म्हणाले.

ते माझ्याबरोबर आले. अकोल्याला गाडी बदलली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं ते नागपूरपर्यंत सोडलं नाही. पागलखान्याच्या कारकुनानं विचारलं, तुम्ही याचे कोण? म्हणाले, "काका."

डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं. झोपेचं औषध दिलं, आणि रोज समोर बसवून बोलायचे. त्यांनी शिकवलं ते सोपं होतं आणि भयंकर होतं. एकदा बघायचं आणि पाठ फिरवायची. भीती वाढेल, वाढू द्यायची. तापासारखी चढते तशी उतरते. परत जायचं नाही. पहिल्यांदा खोलीची कडी लावून परत न जाता बसलो तेव्हा मी घामानं भिजलो होतो. पण भीती उतरली. महाराजांवर डॉक्टर रागावले नाहीत. त्यांना म्हणाले, "घरच्या आठवणी काढून हा रडतो, ते तुम्ही ऐका. ही भीती माझ्याकडे राहू द्या."

महाराज धर्मशाळेत राहिले. नागपुरात त्यांना कुणी ओळखत नव्हतं, पाया पडत नव्हतं. संत्री खात हिंडत. एका टांगेवाल्यानं घोड्याची रड सांगायला सुरुवात केली तेव्हा ते सवयीनं पाठ फिरवून उभे राहिले, आणि तो टांगा हाकून निघून गेला, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. ते मोठ्यानं हसलेले मी त्याआधी बघितले नव्हते.

तिथून सुटायचा दिवस आला. मास्तरांनी मला मालाच्या गुदामात काम द्यायचं कबूल केलं होतं, नोकरी राहिली. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा पोराला. मी गाठोडं उचललं. महाराज उठले नाहीत.

"सायेब, थोडं बोलाचं होतं."

"याच्याबद्दल?"

"नाही. माह्याबद्दल." ते जमिनीकडे बघत होते. "मायनं नवस फेडाले मले मठात देल्लं, तवा मी रांगत होतो. तवापासून सारे मलेच सांगून राह्यले. मी कोनाले सांगाव?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. मग माझ्याकडे बघितलं. मी बाहेर आलो, दार लावून घेतलं.

बाकावर बसलो. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच तो थांबे आणि पुन्हा सुरू होई. आमच्या गाडीची वेळ जवळ आली. दार वाजवावं, सांगावं, असं फार वाटलं. हात मांडीखाली दाबून मी तसाच बसून राहिलो. गाडीची वेळ टळून गेली.