डोंगर, जोडसायकल आणि डावा कान

तक्रारसाहेबांनी फोन डाव्या कानाला लावला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

उजव्या कानाने त्यांना मुंगी शिंकलेलीसुद्धा ऐकू येई (असं ते स्वतः सांगत). डावा कान मात्र अर्धं वाक्य आत घेई आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने तयार करी. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात उभा जन्म काढलेल्या माणसाला असा कान म्हणजे वरदानच. त्यामुळे कान तपासून घ्या असं कोणी म्हटलं की ते नेमका डावा कान पुढे करीत. पण त्या दिवशी उजव्या हातात चहाचा कप होता, आणि फोन महत्त्वाचा होता.

त्याचं असं झालं, की त्यांची लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि घर एकदम गप्प झालं. पुढच्या खोलीत साहेबांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. आळीतले सगळे तिला शिलाईकाकू म्हणत. काकू दिवसभर पायमशीन चालवायच्या, पडदे शिवायच्या, शाळेचे गणवेश उसवून मोठे करून द्यायच्या; पण संध्याकाळी मशीन थांबली की त्यांचं बोलणंही थांबायचं. साहेबांनी एकदा मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकून पाहिला. काकूंनी तो निमूटपणे उचलून वाळत घातला. एक शब्द नाही! साहेब हादरलेच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ओल्या टॉवेलवर असा अन्याय कधी झाला नव्हता.

लेकीनेही तेच हेरलं. "बाबा, आई फोनवर 'बरं आहे'च्या पुढे सरकत नाही. तिला कुठेतरी घेऊन जा," म्हणाली, आणि डोंगरातल्या एका सहल केंद्राचा नंबर दिला.

"जुनी रेल्वेलाइन काढून केलेला रस्ता आहे, सर," पलीकडून एक बाई उत्साहाने सांगत होत्या. "बोगदे, पूल, जंगल! आणि मुख्य म्हणजे पूर्ण वाहनमुक्त."

"वाहन मोफत?"

"हो सर, अगदी शंभर टक्के!"

"वा! आणि चालवायला कोण असतं?"

"चालवायला तुम्ही दोघं ना, सर?"

डाव्या कानाने त्यातलं 'चालवायला दोघं' एवढंच आत घेतलं. दोन दोन ड्रायव्हर! साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि जागा पक्की करून टाकली.

ठरल्या दिवशी ते इस्त्रीची पँट, मोठी सूटकेस आणि कंबरेमागे घ्यायची उशी अशा जय्यत तयारीने डोंगराच्या पायथ्याशी उतरले. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये भिंतीला टेकवून सायकलीच सायकली उभ्या होत्या.

"आमची गाडी?" साहेबांनी विचारलं.

"ही काय!" केंद्रातल्या बाईंनी एक सायकल पुढे ओढली. ती ओढता ओढता संपेचना. तिला दोन सीट होत्या, दोन हँडलं होती आणि पेडलांच्या दोन जोड्या. "काकूंना सायकल येत नाही असं तुमच्या मुलीने कळवलं होतं, म्हणून ही जोडसायकल काढून ठेवली. पुढची आणि मागची पेडलं या डाव्या बाजूच्या चेनने जोडलेली आहेत. दोघांनी मिळून फिरवायची. सामान आमचा माणूस दुसऱ्या रस्त्याने वरच्या मुक्कामी पोचवेल."

"आणि ड्रायव्हर?"

बाईंना वाटलं काका विनोदी आहेत. त्या मनापासून हसल्या.

साहेबांनी उशी छातीशी धरली. 'परतीची गाडी कधी आहे?' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात काकूंनी जोडसायकलीभोवती एक फेरी मारली. लहानपणी भावांना सायकल शिकवली गेली तेव्हा त्यांच्या वाट्याला फक्त मागून कॅरियर धरून पळणं आलं होतं. त्यांनी मागचं हँडल धरून वळवून पाहिलं.

"अहो, हे वळतच नाही! नुसतं धरायला दिलंय." आणि त्या खुदकन हसल्या. "म्हणजे आपल्या घरातल्यासारखंच. ठरवायचं तुम्ही, धरून बसायचं मी!"

ते हसू साहेबांना दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं. कितीतरी महिन्यांनी. मग परतीच्या गाडीचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं आणि उशी बाईंच्या हवाली केली.

"कॉलेजात असताना," ते मोठ्याने म्हणाले, "मी हात सोडून चालवत असे." (एकदा चालवली होती. दुधाच्या गाडीपर्यंत.)

सुरुवातीला सायकल रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेवर चौकशी करत गेली. "अहो, डावीकडे!" "डावीकडेच नेतोय!" "मग झाड मधे कसं आलं?" असं करता करता त्यांना ताल सापडला. रस्ता खरोखर सुरेख होता. चढ इतका हळूहळू वर सरकत होता की डोळ्यांना कळू नये. मांड्यांना मात्र ताबडतोब कळत होता. हॉर्न नाही, धूर नाही. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला खाली खोल नदी. पहिल्या पुलावर साहेबांच्या छातीचा भाता झाला. निसर्ग पाहण्याच्या नावाखाली ते तिथे बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले.

मग बोगदा लागला. आत गार काळोख होता. मधोमध पाणी जाण्यासाठी आडवा चर होता, त्याच्यावरून सायकल धाडकन आदळली. आणि बोगद्यातून बाहेर पडताच चमत्कार झाला. साहेबांचे पाय हलके झाले. फिरवावे तसे फिरू लागले, भिंगरीसारखे.

"अगं, दम परत आला बघ!" ते ओरडले. "जुनं रक्त आहे, तापायला वेळ लागतो."

"मला तर आता... फार जड लागतंय," मागून काकू धापा टाकत म्हणाल्या.

"चढ आहे ना! तू नुसते पाय ठेव. बाकी मी बघतो."

"उतरून चालू या का थोडं?"

"छे! मी असताना?"

काकू खाली वाकून पेडल मारत राहिल्या, संध्याकाळच्या आत गणवेशांचा गठ्ठा संपवायचा असला की मशीनवर मारत तसं. इकडे साहेबांचं व्याख्यान सुरू झालं. दम हा छातीत नसून मनात असतो. हल्लीची तरुण पिढी जिममध्ये जाते पण आतून पोकळ असते, वगैरे. त्याच वेळी त्यांनी त्या पोकळ पिढीतलं एक जोडपं खरोखरच मागे टाकलं. ते जोडपं आपापल्या सायकलीवरून उतरून पाणी पीत होतं, हा तपशील साहेबांनी विचारात घेतला नाही.

"काका!" तरुणी मागून ओरडली. "काका, तुमची चेन!"

साहेबांची डावी बाजू तिच्याकडे होती.

"हो हो!" त्यांनी हात हलवला. "चैनच आहे!"

"अहो चेन, काका, चेन!"

"चैनच चैन! तुम्हीपण करा!"

वरच्या मुक्कामाला जुन्या स्टेशनची दगडी इमारत होती, तिच्या ओट्यावर चार माणसं चहा पीत बसली होती. साहेब ताठ मानेने घंटी वाजवत आत शिरले. काकू उतरल्या आणि कठड्याला धरून खालीच बसल्या. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

"सवय नाही हो तिला," साहेबांनी ओट्यावरच्या माणसांना समजावलं. "पण काळजी नाही, जवळजवळ सगळा चढ मीच मारला."

तेवढ्यात ते जोडपं मागोमाग पोचलं. तरुणीने सायकल टाकली आणि साहेबांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "काका, मी तेच सांगत होते. तुमची जोडणारी चेन निसटलीय."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. डाव्या बाजूची चेन दांड्याला अडकून, मेलेल्या सापासारखी लोंबत होती. तरुणाने पुढचं पेडल बोटाने टिचकी मारून फिरवलं. ते गरगर फिरलं. मागचं जागचं हललं नाही.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे बोगद्यातल्या चरावर निसटली असणार. तिथपासून तुम्ही हवेत पाय मारताय, काका. गाडी एकट्या काकूंनी वर आणलीय. तुमच्यासकट."

ओट्यावर कोणीतरी कप खाली ठेवला. साहेबांना आपलं तरुण पिढीवरचं व्याख्यान शब्दन् शब्द आठवलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते. संपलं, साहेबांना वाटलं. दमवलं, वर चारचौघांत अपमान केला. आता घरी गेल्यावर ती कायमची गप्प होणार.

"अगं, चुकलंच माझं. रडू नकोस," म्हणत ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले, इस्त्रीच्या पँटसकट.

काकूंनी हात काढले. डोळ्यांत पाणी होतं खरं, पण त्या हसत होत्या. पोट धरून, आवाज न फुटता.

"मी?" त्या मोठ्या मुश्किलीने म्हणाल्या. "एकटीने? एवढा डोंगर?"

त्यांनी खाली पाहिलं. पार तळाशी नदी दोऱ्यासारखी दिसत होती, आणि मघाचा पूल शिवणीच्या टाक्याएवढा. मग त्यांनी लेकीला फोन लावला, आणि 'बरं आहे'च्या पुढे तर सरकल्याच, पण साहेबांचा चहा गार होऊन दुसरा आला तरी थांबेनात. पूल, बोगदा, जड झालेली पेडलं, सगळं सांगितलं. साहेबांचं व्याख्यान तर हावभावांसह. ओट्यावरची माणसं खुर्च्या जवळ ओढून ऐकत होती. साहेबही ऐकत होते, उजवा कान पुढे करून. स्वतःची एवढी फजिती त्यांनी इतक्या आनंदाने पूर्वी कधीच ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उतारावर काकूंनी फर्मान काढलं, "पुढे मी बसते." तरुणाने चेन बसवून दिली होती, ओट्यासमोरच्या पटांगणात काकूंचा थोडा सरावही करून घेतला होता. पहिली दोन वळणं साहेबांनी डोळे मिटून काढली. तिसऱ्याला उघडले, तर रस्ता समोरून सरळ येत होता आणि काकू मोठमोठ्याने गात होत्या.

खाली केंद्रात पोचल्यावर काकूंनी पुढच्या सुट्टीचं बुकिंग तिथेच करून टाकलं.

"मला एकटीची सायकल द्या. तोवर शिकून येते," त्या म्हणाल्या.

"आणि काकांना?" बाईंनी विचारलं.

काकूंची नजर शेडच्या कोपऱ्यात गेली. तिथे दोन चाकांची एक छोटी रंगीत डोलीसारखी गाडी होती. लहान मुलांना बसवून सायकलीमागे जोडतात ती.

"हिच्यात किती वजन चालतं हो?"

बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, पोटापासून वरपर्यंत. "काकू, एवढं नाही चालणार. पण जरा मोठी मागवता येईल."

सगळ्यांना वाटलं आता साहेब भडकणार. साहेबांनी खाकरून घसा साफ केला, इकडेतिकडे कोणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं,

"पडदा असतो का तिला?"