अंतोबा रसायनी यांनी वायूचे सोवळे मोडले, त्याची हकीकत

श्री अग्नी आणि वायू उभयतां साक्ष. शके अठराशे सहासष्ट, तारणनाम संवत्सर, पौष मास. ते समयी शत्रूने बंदरे रोधिली आणि राज्यात तेलाचा थेंब येईना आणि सरदारांच्या मोटारी पागेत उभ्या राहिल्या. मग महाराजांनी अंतोबा रसायनी यांस बोलावून आज्ञा केली, "कोळशाचे तेल करा." अंतोबांनी तापल्या कोळशावर वाफ सोडिली आणि निघाला तो वायू कोबाल्ट धातूच्या चुऱ्यावरून नेला आणि मग नळीतून तेल ठिबकू लागले. धातू स्वतः झिजत नसे. मात्र वायूत गंधक राहिला तर मरत असे, आणि नवा धातू समुद्रापार. म्हणोन वायू तीन पेट्यांतून धुवावा लागे आणि काम संथ चाले. दरबारी हसत, "पंतांचा वायू सोवळ्यात आहे." महाराजांनी दोन वेळा घाई केली, अंतोबांनी मान लवविली, पण पेटी एकही वगळिली नाही.

मग घाटमाथ्याच्या छावणीतून त्यांची एकुलती लेक गोदूबाई, जखमींची शुश्रूषा करीत होती, तिचे पत्र आले: "एकशे वीस जखमी आहेत. शत्रू चार दिवसांत येतो, अशी आवई आहे. दहा गाड्या पाठवा." दहा गाड्यांचे तेल निघण्यास सहा दिवस हवे होते. अंतोबांनी पत्र वाचिले आणि पुन्हा वाचिले आणि मग धुलाईवरील सटवाजीस म्हणाले, "पेट्या राहू दे. वायू थेट सोड."

सटवाजी म्हणाला, "पंत, धातू मरंल. म्हाराजांस्नी न्हाई म्हनलासा की!"

"महाराजांची लेक तिथे नाही रे."

मग एक दिवस तेल धो धो आले, आणि दुसरे दिवशी ठिबकले, आणि तिसरे दिवशी नळी कोरडी. चार गाड्यांची एक खेप झाली, अठ्ठेचाळीस जखमी खाली आले. गाडीवानाने निरोप सांगितला, "ताई म्हनाल्या, बाबांस्नी सांगा, तेल लई चांगलं निघालं, चढाला गाडी एकदाबी अडली न्हाई. ऱ्हायलेल्या सहा गाड्यांची वाट बघत्ये."

अंतोबा मेल्या धातूपाशी बसोन राहिले. चौथा दिवस गेला, सहावा गेला, आणि शत्रू आला तो नवव्या दिवशी.

येणेप्रमाणे कारखाना बुडाला, बहात्तर जखमी आणि गोदूबाई माथ्यावर राहिली. महाराजांनी अंतोबांस क्षमा केली. त्यांनी ती घेतली नाही.