उणे नऊवाले गाडेकर सर

गाडेकर सरांना विचारा, "सर, आज पाऊस पडेल का?" उत्तर येतं, "उणे नऊ." भाजी कशी झालीय? पहिला घास पोटात जाईपर्यंत उणे नऊ. माझ्या पडेगावच्या ऑफिसात नवी पोरं आधी हसतात आणि आठवड्याभरात तीच तसं बोलू लागतात.

आमचा धंदा सर्वेक्षणाचा. पोरं गावोगाव घरं फिरून प्रश्न विचारतात, सर ती उत्तरं संगणकात लावतात. बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या टपरीपासून मी इथवर आलोय, त्यामुळं माणूस पारखूनच घेतो. सरांनी एक मॅक्रो लिहून ठेवलाय, म्हणजे एकदाच लिहिलेला हुकूम. मधेच नवा प्रश्न वाढला की एक कळ दाबायची. सगळ्या गावांच्या फाईलींत नवा रकाना उभा राहतो आणि प्रत्येक घरापुढं आपोआप 'उणे नऊ' बसतं. अर्थ, अजून विचारलेलं नाही. रिकामी जागा सरांना सहनच होत नाही. भिंतीत नवा खिळा ठोकला, तरी खाली चिठ्ठी: 'अजून काही टांगलेलं नाही'.

मागं एकदा निम्मी गावं उरकल्यावर काम देणाऱ्या पुण्याच्या साहेबानं प्रश्न वाढवला: घरातल्या शाळकरी वयाच्या मुलीनं शाळा सोडलीय का? वर फोनवर म्हणाला, "झालेल्या गावांना शून्य टाका. तुमच्याकडं आकडे असेच बनतात ना?" हे वाक्य मी विसरलो नाही, विसरणारही नाही. पण काम हातचं चाललं होतं. मी सरांवरच ओरडलो, "टाका की शून्य! कोण बघतंय?"

"शेठ, शून्य म्हणजे विचारलं आणि 'नाही' म्हणाले. आपण विचारलंच नाय."

"आणि काम गेलं तर?"

"जाऊ द्या. उणे नऊ हलणार नाय."

सरांवरचा राग मी साहेबावर काढला. भांडून, गोड बोलून, परत भांडून मुदत वाढवून घेतली. करमाड, फुलंब्रीकडची दारं पुन्हा ठोठावली. शाळा सोडलेल्या पोरी गावागावांत सापडल्या. साहेबाच्या शून्याखाली त्या गाडल्या गेल्या असत्या. असा अहवाल दुसऱ्या कुणी देऊन दाखवावा!

फुलंब्रीला सर स्वतः आले, खुर्ची सोडून पहिल्यांदाच. काम आटोपल्यावर मला आपल्या थोरल्या बहिणीकडं घेऊन गेले. अक्कानं चहा केला. सरांनी कप तोंडाला न लावताच विचारलं, "अक्का, माझ्या शिक्षणापायी तुझी शाळा सोडवली. तुला सोडायची होती का गं?"

"आता इचारतो व्हय रं?" अक्का पदरानं हात पुसत म्हणाली, "नव्हती."

आमचा प्रश्न शाळकरी पोरींपुरता. अक्काचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ते घेऊन सर जीपमध्ये येऊन बसले.