हत्तिणीला धाप लागते

गाडीचं दुखणं मला नुसत्या आवाजावरून कळतं. हे मी ऑफिसात सांगितलंय, लग्नकार्यांत सांगितलंय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही सांगायचा प्रयत्न केलाय. त्यामुळे शनिवारी सकाळी सासऱ्यांची पिकअप सुरू करताच ती गदगदा हलायला लागली, तेव्हा मला खरं तर आनंदच झाला. चार वाजता सासरे गाडी न्यायला येणार होते. तोवर दुखणं शोधायचं, बरं करायचं आणि चहा पिताना सहज म्हणायचं, "जरा कुरकुरत होती, मी बघून टाकलं." एवढाच माझा बेत होता.

ही पिकअप म्हणजे सासऱ्यांचा जीव. त्यांची रोपवाटिका आहे आणि सव्वीस वर्षं माती, कुंड्या, रोपं सगळं हिच्याच पाठीवरून गेलंय. ते तिला हत्तीण म्हणतात. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना काही दिवस गाडी चालवायला मनाई होती, म्हणून ती आमच्या दारात आली. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या हातात कधी साधी कात्री दिली नव्हती. एकदा मी त्यांच्या गुलाबाचं कलम तण समजून उपटलं होतं, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. त्या माणसानं स्वतःहून किल्ली दिली आणि एकच वाक्य सांगितलं, "जावईबापू, जशी नेताय तशी परत द्या."

आता जशीच्या तशी कोण देतं? मी रविवारीच तिला आतून-बाहेरून चकचकीत केलं होतं. बॉनेट उघडून इंजिन घासलं. त्यातून वाळकी पानं, सुतळी, मातीची ढेकळं, कपड्यांचा एक चिमटा, पक्ष्याच्या घरट्यातल्या काड्या, असा टोपलीभर ऐवज निघाला. त्यानंतर आठवडाभर ती उभीच होती.

आणि आज ही थरथर. कोपऱ्यावरच्या चढापर्यंत नेली, तर चढाच्या निम्म्यात तिला धाप लागली. एका सायकलवाल्या आजोबांनी आम्हाला मागं टाकलं आणि वर वळून बघितलं.

"रविवारी धुवायच्या आधी ठीक होती ना?" बायकोनं विचारलं.

"धुण्याचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

"मी फक्त विचारलं," ती म्हणाली आणि तिनं दुसरा विषय काढला. ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिला पांढरा कोट लागतो. "या कोटाच्या खांद्यावर काळा डाग कुठून आला? तू हात लावलास?"

माझे हात कोपरापर्यंत काळे होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गुन्हा कबूल केला. तिनं कोट पुन्हा धुतला आणि पुन्हा मागच्या अंगणात वाळत टाकला.

मी कान लावून निदान केलं : प्लग. चारही प्लगच्या तारा एकदम ओढून काढल्या, प्लग पुसले, तारा परत बसवल्या. कुठली तार कुठं होती हे बघून ठेवायला हवं होतं, हे मला किल्ली फिरवल्यावर कळलं. असा बार उडाला, की समोरचे टेलर कात्री हातात घेऊनच बाहेर आले. त्यांच्या दुसऱ्या हातात अर्धी बाही होती.

"काय फुटलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, टेस्टिंग चाललंय."

"हे गिऱ्हाइकाचं कापड आहे हो. बाही सरळ कापत होतो," ते म्हणाले आणि बाहीकडे बघत आत गेले.

तारांची लांबी कमी-जास्त होती म्हणून दुसऱ्या खेपेला त्या बिचाऱ्या आपापल्या जागी गेल्या. थरथर मात्र होती तिथंच. मग मी कानानं दुसरं निदान केलं : हवेचा फिल्टर. तो झटकला, मला शिंका आल्या, गाडीला काही झालं नाही. तिसरं निदान : इंजिन हळू फिरतंय म्हणून हलतंय. एक स्क्रू पिळून वेग वाढवला. आता हत्तीण उभ्या जागी आरडाओरडा करायला लागली आणि चढावर पुन्हा तशीच बसली. दोन वाजले होते. खरं सांगतो, गाडीपेक्षा मला त्या किल्लीची काळजी होती. ती पुन्हा कधी मिळाली नसती.

शेवटी मान खाली घालून मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, सोमवारशिवाय जमणार नाही, पण आवाज ऐकवा. मी फोन इंजिनापाशी धरला.

"हवा ओढतेय कुठून तरी," तो म्हणाला. "एखादी नळी निघाली असेल. फुस्स असा आवाज येतो का बघा."

मी कान टवकारले. येत होता! स्पष्ट, जोरात, फुस्स. मी इंजिनाच्या डाव्या अंगाला गेलो, उजव्या अंगाला गेलो, गाडीखाली सरपटलो. आवाज भिंतीकडून येत होता. खिडकीतून बायको म्हणाली, "तिसरी शिट्टी होऊ दे, मग गॅस बंद करते. तू जेवणार आहेस का?"

जेवण तसंच ठेवलं आणि इंजिन चालू करून पुन्हा कान लावला. आणि चारला दहा कमी असताना सासरे आले. काळा चष्मा, हातात एक रोप. फाटकातच थांबले.

"हिचा आवाज का चढलाय?"

मी सगळं सांगून टाकलं. प्लग, बार, बाही, स्क्रू, कुकर, काही लपवलं नाही. ते चष्मा कपाळावर चढवून बॉनेटमध्ये वाकले, आणि मग मागं वळून घराचं दार बंद आहे ना ते बघितलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "इथला चिमटा कुठंय?"

"कसला चिमटा?"

"कपड्यांचा. लाकडी." त्यांनी एक बारीक रबरी नळी दाखवली. "हिच्या टोकाला पूर्वी एक भाग होता. तो मोडला, काढून टाकला. नळी उघडी राहिली की इंजिन इथनं फुकटची हवा ओढतं. मग थरथरतं, चढ चढत नाही. म्हणून तात्पुरता चिमटा लावला."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली. बूच आणायचंय."

माझ्या डोळ्यांसमोर रविवार उभा राहिला. आमच्याच दोरीवरचा असेल म्हणून तो चिमटा मी स्वतःच्या हातानं बायकोच्या चिमट्यांच्या टोपलीत टाकला होता!

आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो. दोरीभर कपडे, दोरीभर चिमटे. सासरे एकेक चिमटा निरखत चालले, आणि पांढऱ्या कोटापाशी थांबले. खांद्यावर काळ्या तोंडाचा चिमटा होता आणि त्याखाली, दोनदा धुतलेल्या कोटावर, नवा कोरा काळा डाग.

चिमटा नळीला लावला. स्क्रू सासऱ्यांनी मागं फिरवला. हत्तीण एकदा हुंकारली आणि शांत, एका लयीत चालू लागली. मला इतकं हलकं वाटलं, की मी सासऱ्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"घरी बोलू नका," ते म्हणाले. "तेव्हा दोरीवरचा चिमटा गेला म्हणून तुमच्या सासूबाईंनी शेजारणीशी दोन वर्षं अबोला धरला होता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"आधी धीर झाला नाही. मग उशीर झाला." त्यांनी चष्मा खाली ओढला. "पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आठवडाभर बाहेर जातोय. गाडी इथंच ठेवीन. फक्त आतून धुऊ नका."

किल्ली पुन्हा मिळणार होती. मी काही बोलायच्या आत मागच्या अंगणातून बायकोची हाक आली.

"अरे, रविवारी मी पंचवीस चिमटे मोजले होते. एक कुठं गेला?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते रोपाचं एकेक पान पुसण्यात गढून गेले होते.

"समोरच्या टेलरनं नेला असेल," मी म्हणालो.

उद्या सांगीन म्हणतो तिला. अजून तसा काही उशीर झालेला नाही.